शेषाचा फणा आणि पाथरीचा ज्योतिषी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि वाशीत गणपती बोळवून माणसे उशिरा अंथरुणाला टेकली होती. मी नऊ वर्षांची होते. पत्र्यावर कुणी खडीची गाडी रिकामी करावी तसा आवाज आला, फळीवरचे डबे खाली आले आणि आजीने मला दंडाला धरून अंगणात ओढले. सगळी गल्ली अंगणात उभी होती. काय झाले ते कुणालाच ठाऊक नव्हते. किल्लारी, सास्तूर ही नावे दिवस वर आल्यावर रेडिओवरून कानी पडली. त्या पहाटे लातूर आणि आमच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या गल्लीत कुणाला खरचटलेही नाही. अंधारात, रेडिओ लागण्याच्या आधी, आजी एवढेच म्हणाली होती, "शेषानं फणा हलीवला गं पोरी."

आदल्याच दिवशी शेजारच्या घरी अनंताची पूजा झाली होती. दर्भाचा सात फण्यांचा शेष मी जवळून पाहिला होता, हातात बांधायचा चौदा गाठींचा दोराही पाहिला होता. त्यामुळे आजीचे बोलणे मला पटले. पुढे शाळेत भूगोलाच्या बाईंनी खडकात साठत जाणारा ताण, भेग, लाटा हे सारे फळ्यावर काढून समजावले आणि तेही पटले. दोन्ही एकाच डोक्यात राहू लागले, एकमेकांना न विचारता. गावात सप्ताह बसला, कीर्तनकारबुवांनी शेषाच्या माथ्यावर मोहरीच्या दाण्यासारखी तोललेली पृथ्वी वर्णिली, की मी हात जोडायचे. दुसऱ्या दिवशी परीक्षेत पृथ्वी अवकाशात निराधार फिरते असे लिहायचे आणि गुण मिळवायचे. एका माणसाच्या आत दोन पृथ्व्या कशा नांदतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे. हे पुस्तक त्या प्रश्नामुळे झाले.

ते ज्याच्याविषयी आहे तो माणूस आमच्या मराठवाड्याचाच. नाव ज्ञानराज. गाव पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातले पाथरी. वाशीहून निघाले की पारगाव, चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गढी, माजलगाव असे करत ढालेगावजवळ गोदावरी ओलांडायची, की पाथरी येते. नकाशावर पट्टी ठेवली तर वाशीपासून किल्लारी जितकी लांब, जवळजवळ तितकीच पाथरी, सुमारे शंभर किलोमीटर. एक आग्नेयेला, एक ईशान्येला. ज्या भूकंपाने मला प्रश्न दिला तो एका टोकाला आणि ज्याने त्याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो दुसऱ्या टोकाला. हे कळले तेव्हा मी नकाशापाशी बराच वेळ बसून राहिले होते.

ज्ञानराजाने 'सिद्धान्तसुन्दर' लिहिला तो शके १४२५ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १५०३ मध्ये. त्याच वर्षी इटलीत फेरारा येथे तिशीतल्या निकोलस कोपर्निकसला चर्चच्या कायद्याची डॉक्टरेट मिळाली. सूर्याला मध्यभागी बसवणारा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध व्हायला अजून चाळीस वर्षे होती. भारतीय ज्योतिषात 'सिद्धान्त' म्हणजे विश्वाची रचना आणि ग्रहगणित दोन्ही मुळापासून मांडणारा ग्रंथ. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० सालचा. त्यानंतर साडेतीनशे वर्षे झटपट गणिताचे करणग्रंथ झाले, सारण्या झाल्या, टीका झाल्या, पण पूर्ण अंगाचा मोठा सिद्धान्त असा झाला नाही. तो पाथरीत झाला. मराठवाडा म्हणजे संतांची भूमी हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आम्हाला घरच्यासारखे आहेत. पण याच मातीत आकाशाचा हिशेब मांडणारी घराणीही पिढ्यान्‌पिढ्या नांदली, हे आमच्या मुलांना कुणी सांगत नाही. पाथरीचे नाव आज साईबाबांच्या जन्मस्थानाच्या चर्चेत ऐकू येते, ज्ञानराजाच्या नावाने येत नाही.

ज्ञानराज नेमके काय म्हणाला हे सांगण्याआधी थोडे रोमकडे जावे लागेल, कारण विश्वाविषयीचे विचार आणि त्यांची किंमत म्हटले की सुशिक्षित मराठी माणसाला पहिल्यांदा ब्रूनोच आठवतो.

जोर्दानो ब्रूनो १५४८ मध्ये नेपल्सजवळच्या नोला गावी जन्मला. डोमिनिकन संन्यासी झाला, मठ सोडून पळाला, जिनिव्हा, पॅरिस, लंडन, विटेनबर्ग, प्राग असा युरोपभर फिरला. १५८४ मध्ये लंडनमध्ये असताना त्याने इटालियन भाषेत जे संवाद लिहिले, त्यांत तो कोपर्निकसच्याही पुढे गेला. कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, तरी बाहेर ताऱ्यांचा गोल तसाच राहू दिला होता. ब्रूनोने तो गोलच काढून टाकला. विश्वाला कड नाही, त्यामुळे मध्यही नाही. तारे म्हणजे दूरचे सूर्य, त्यांच्याभोवतीही पृथ्व्या, आणि त्यांवर जीव. १५९२ मध्ये व्हेनिसमध्ये ज्याच्या घरी तो शिकवायला राहिला होता त्यानेच त्याला धर्मन्यायालयाच्या हवाली केले. पुढची आठ वर्षे कोठडीत गेली, त्यातली सात रोमला. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोमच्या काम्पो दे' फियोरी चौकात, जीभ बांधून, त्याला जिवंत जाळले. त्याच्यावरच्या आरोपांत विश्वांच्या अनेकतेचा मुद्दा होता, पण त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, आत्म्याचा देहांतरप्रवास असे धर्मश्रद्धेचे मुद्देही होते. तो फक्त विज्ञानासाठी मेला असे म्हणणे अपुरे आहे. विचार मागे घे म्हटल्यावर त्याने घेतला नाही आणि म्हणून तो जाळला गेला, हे मात्र निर्विवाद आहे.

आता गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट अशी की ब्रूनोचे जे म्हणणे रोमला असह्य झाले, ते गोदाकाठी कुणाला खटकलेही नसते. 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे विशेषण आमच्याकडे आरतीत, गजरात, दुकानाच्या पाटीवरसुद्धा असते. ब्रह्मांडे असंख्य आहेत, प्रत्येकात ब्रह्मा वेगळा, हे पुराणेच सांगतात. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो, हे तर आमच्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या चौकात ज्या वाक्यांसाठी लाकडे रचली गेली, ती वाक्ये पाथरीच्या घाटावर कुणी मोठ्याने म्हटली असती तर शेजाऱ्याने मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला असता.

आमचा काटा वेगळ्या जागी रुतलेला होता. पृथ्वी कशावर उभी आहे?

पुराणांची पृथ्वी सपाट थाळीसारखी, पन्नास कोटी योजने विस्ताराची. मध्ये चौऱ्याऐंशी हजार योजने उंच मेरू, भोवती जंबुद्वीप, मग एकाआड एक समुद्र आणि द्वीपे, खाली शेष, कूर्म, दिग्गज. त्या वर्णनात चंद्र सूर्याहूनही उंचावर आहे. सिद्धान्तकारांची पृथ्वी म्हणजे अवकाशात अधांतरी असलेला गोळा. भास्कराचार्यांच्या गणिताने तिचा परीघ ४९६७ योजने. चंद्र सर्वांत जवळ, ग्रहण म्हणजे सावली. आर्यभटाने तर इ. स. ४९९ मध्येच, नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडे मागे पळताना दिसतात तसे तारे फिरताना दिसतात, फिरते ती पृथ्वी, असे म्हटले होते. पुढच्या बहुतेकांनी ते मान्य केले नाही, पण पृथ्वीच्या गोलपणावर सर्व सिद्धान्तकार ठाम राहिले. एकाच ज्योतिष्याला सकाळी पुराण सांगायचे असे आणि दुपारी त्या दुसऱ्या पृथ्वीवर ग्रहणाचा स्पर्शकाळ काढायचा असे. पंचांग पुराणावरून निघत नाही.

भास्कराचार्यांनी हा पेच तर्काने कापला होता. पृथ्वीला आधार हवा असेल तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. कुठेतरी शेवटच्याला स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावेच लागणार. मग ते पृथ्वीविषयीच का मानू नये? मी हा युक्तिवाद दहावीच्या मुलांना सांगते तेव्हा वर्ग गप्प होतो. इतका स्वच्छ युक्तिवाद मला दुसरीकडे क्वचित भेटला आहे.

ज्ञानराजाने नेमका यालाच हात घातला. त्याला गोल पृथ्वी मान्य आहे. अक्षांश, ग्रहांच्या गती, ग्रहणे यांचे त्याचे गणित सिद्धान्तपरंपरेचेच आहे. पण आपला ग्रंथ ब्रह्मदेवाने नारदाला सांगितलेल्या सिद्धान्ताला धरून आहे असे तो म्हणतो, आणि पुराणे ऋषींचीच असतील तर ती खोटी कशी, हा प्रश्न त्याला सोडत नाही. म्हणून तो दोन्हींचा मेळ घालू पाहतो. भास्कराचार्यांना उत्तर देताना त्याने दिलेला दाखला मी विसरू शकत नाही. अल्पशक्तीचे गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात तरंगते. मग अचिंत्य शक्तीचा परमेश्वर कूर्मरूपाने कल्पभर पृथ्वी का धरणार नाही?

बालाघाटाच्या कड्यांवर घिरट्या घालणारी गिधाडे आमच्या आजीच्या पिढीने रोज पाहिलेली. दाखला अगदी आमच्या आकाशातला आहे. आणि तरी मी स्पष्ट सांगते, तो मला पटत नाही. गिधाड हवेवर तरंगते, म्हणजे त्यालाही आधार आहेच, आणि अचिंत्य शक्तीचे नाव घेतले की विचारणाऱ्याचे तोंड बंद होते. भास्कराचार्यांनी उघडलेले दार ज्ञानराजाने अर्धे लोटून घेतले, असे माझे मत आहे. वाचकाने पुढच्या पानांत मूळ मांडणी वाचावी आणि माझ्याशी खुशाल भांडावे. मात्र त्याला भाबडा म्हणू नये. दोन्ही पृथ्व्यांमधला विरोध त्याने लपवला नाही, झाकून ठेवला नाही. विरोध आहे हे मान्य करून तो मिटवण्याची जबाबदारी ज्योतिष्याची आहे, असे त्याने ठरवले. त्याच्या नंतर 'विरोधपरिहार' हा जणू एक स्वतंत्र विषयच झाला. जो वाद प्रत्येकाच्या डोक्यात मुकाट चालला होता, तो त्याने कागदावर आणला.

तो ज्या काळात हे लिहीत होता तो शांततेचा नव्हता. बहमनी राज्य फुटले होते. पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती आणि अहमदनगरच्या निजामशाहीला ती हवी होती, कारण, इतिहासकार फरिश्ता लिहितो, निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण वतनदार होते. १५१८ च्या सुमारास अहमदनगरच्या फौजेने पाथरी घेतली. ज्ञानराजाचा मुलगा सूर्यदास तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याच मुलाने पुढे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर आणि 'लीलावती'वर टीका लिहिल्या, आणि एक असे काव्य रचले की श्लोक सरळ वाचला तर रामकथा आणि उलट वाचला तर कृष्णकथा. 'रामकृष्णविलोमकाव्य' त्याचे नाव. बापाने दोन विश्वे एका ग्रंथात बसवली, मुलाने दोन कथा एका श्लोकात. दुसरा मुलगा चिंतामणी, त्याने बापाच्या ग्रंथावर टीका केली. फौजा येत-जात असताना या घरात हे चालले होते.

तिकडे कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहून ज्या-चाप न वापरता ग्रह काढण्याची सोपी रीत दिली, आणि महाराष्ट्राची पंचांगे शतकानुशतके त्यावर चालली. पृथ्वी कशावर उभी आहे हा प्रश्न न विचारताही पंचांग होते, हे त्यातून सर्वांना कळले. माझ्या समजुतीप्रमाणे ज्ञानराज मागे पडला त्याचे एक कारण हेही असावे.

प्रश्न मात्र मेला नाही, तो काशीला गेला. गोदाकाठच्या गोलग्रामचे घराणे आणि विदर्भातल्या दधिग्रामचे घराणे, दोन्ही आपलीच, दोन्ही काशीत स्थायिक झालेली, सतराव्या शतकात आकाशावरून पिढ्यांचे भांडण भांडली. गोलग्रामच्या कमलाकराने १६५८ मध्ये 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला आणि समरकंदच्या उलुघ बेगच्या परंपरेतले ज्ञान त्यात घेतले. दधिग्रामच्या मुनीश्वराला परक्यांचे हे ज्ञान रुचत नव्हते. कोपरगावकडचे नीलकंठ चतुर्धर, ज्यांची महाभारतावरची टीका सर्वत्र प्रसिद्ध आहे, त्यांनीही सूर्यसिद्धान्त आणि पुराणे यांच्या मेळावर लेखणी चालवली. या साऱ्यांविषयी पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, म्हणून इथे थांबत नाही.

सीहोरपाशी मात्र थांबलेच पाहिजे. भोपाळजवळच्या सीहोरला लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी होता. त्याच्याकडे सुबाजी बापू नावाचे मराठी शास्त्री होते. त्यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिला, तोही मराठीत. पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस, तिघांच्या विश्वांची सरळ तुलना, आणि निवाडाही तितकाच सरळ. पुराणातली पृथ्वी त्यांनी नाकारली आणि कोपर्निकसकडे जायची वाट भास्कराचार्यांच्या अंगणातून जाते असे दाखवले. पुण्याहून यज्ञेश्वर शास्त्रींनी 'अविरोधप्रकाश' लिहून विरोध मुळी नाहीच असे उत्तर दिले. सुबाजींनी त्यावर 'अविरोधप्रकाशविवेक' लिहिला. पाथरीत १५०३ मध्ये जो मेळ घातला होता, तो सव्वातीनशे वर्षांनी पुन्हा उसवला. सीहोरच्याच पाठशाळेतून बापूदेव शास्त्री १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत कॉलेजात गेले आणि त्यांनी सूर्यसिद्धान्त इंग्रजीत नेला.

आमच्याकडे कुणाला जाळले नाही, हे आपण अनेकदा छाती पुढे करून सांगतो. सांगावेही, ती लहान गोष्ट नाही. ब्रूनोच्या अखेरच्या सकाळचे वर्णन वाचताना माझे हात आजही गार पडतात. पण न जाळण्याचीही एक बाजू आहे, तीही बघावी लागेल. जिथे दोन्ही म्हणणी खरी ठरवून घरी जाता येते, तिथे कुठले तरी एक चूक आहे असे म्हणण्याची निकड कुणाला वाटत नाही. सुबाजींना ती वाटली तोवर तीन शतके उलटली होती. आणि त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, वाशीच्या अंगणात, माझी आजी शेषाचा फणा म्हणाली. आजीला मी दोष देत नाही. त्या पहाटे तिच्यापाशी तेवढेच शब्द होते, आणि त्यांनीच तिने मला धीर दिला. माझ्यापाशी आज जास्त शब्द आहेत. ते मुलांपर्यंत न पोचवले तर दोष माझा असेल.

पुस्तकाविषयी थोडे. ज्ञानराजाची आणि त्याच्या घराण्याची मला पहिली ओळख झाली ती शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथातून. मुरूडचा एक शिक्षक असे काम करून वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी जातो, आणि आपण तो ग्रंथ कपाटात ठेवतो, याचे मला फार वाईट वाटते. 'सिद्धान्तसुन्दरा'चे टोके क्नुड्सेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २०१४ मध्ये अमेरिकेत निघाले. ते हाती आले तेव्हा आनंद झाला आणि लाजही वाटली. त्यानंतर मी संस्कृत नव्याने शिकायला घेतले. गणिताची प्रकरणे अवघड वाटली तर सोडून द्या, भुवनकोश, म्हणजे विश्वरचनेचे प्रकरण, मात्र सोडू नका. ऋतुवर्णनाचे प्रकरण रात्री वाचा. पारिभाषिक शब्द मी शक्यतो जुनेच ठेवले आहेत. शंकू, पलभा, लंबांश हे शब्द आमच्याकडचे आहेत आणि ते पुन्हा तोंडात यावेत असे मला वाटते.

पलभेवरून आठवले. विषुवदिनी मध्यान्हीला बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. वाशीची पलभा चार अंगुळांच्या किंचित वर. उत्तरेला जावे तशी ती वाढते आणि हे वाढणे हीच पृथ्वीच्या गोलपणाची खूण. भास्कराचार्यांनी सांगितले आहे की दक्षिणोत्तर दोन गावांच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यातले अंतर कळले, की त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ निघतो. गेल्या मार्चमधल्या विषुवदिनी आम्ही ते करून पाहिले. दोन मीटरची काठी, ओळंबा, टेप. मी वाशीत घराच्या गच्चीवर, माझा भाऊ पाथरीत एका ओळखीच्यांच्या अंगणात. फोन चालू ठेवून दोघांनीही दुपारची सर्वांत आखूड सावली मोजली. वाशीत सदुसष्ट सेंटिमीटर भरली, पाथरीत सत्तर. पाथरी वाशीपेक्षा साधारण ऐंशी किलोमीटर उत्तरेला आहे. अंशांतला फरक काढला, त्रैराशिक मांडले, आणि परीघ सुमारे साडेसदतीस हजार किलोमीटर आला. खरा चाळीस हजार आहे. टेप धरताना भावाचा हात हलला असेल किंवा माझा. सातवीतल्या माझ्या भाचीने वहीत तो आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि विचारले, "आत्या, मग पाथरीच्या त्या आजोबांनी पण अशीच काठी उभी केली असंल का?"

वाशी, जि. धाराशिव